सही मागू नकोस, कामावर ये

ऑक्टोबर २०२५

चि. मुक्तास,


परवा तुझ्या आईचा फोन आला होता. आधी गुडघेदुखी झाली, मग कढीपत्त्यावर पडलेली कीड झाली, आणि मग हळूच मूळ मुद्दा निघाला. "ताई, मुक्ताला ते तीन वर्षांचं सर्टिफिकेट तू देशील ना? नावाला तुझ्याकडे ज्युनिअर दाखव. ती पुण्यातच राहील, क्लास लावेल, अभ्यास करेल." मी म्हटलं, बघते. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बहिणीला फोनवर तोंडावर नाही म्हणायचं मला जमत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही थेट तुला. उत्तर नाही असंच आहे. कारणं लिहिते. पत्र लांबेल, वकिलाचं आहे.

२० मेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्या संध्याकाळी तुझा मेसेज होता, "मावशी, आमची बॅच मेली." दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर किमान तीन वर्षं वकिली हवीच, हा नियम परत आला. परत म्हणते, कारण १९९३ साली तो याच न्यायालयाने घातला होता आणि २००२ साली याच न्यायालयाने काढून टाकला होता. मधल्या काळात आपल्याकडे नव्या पदवीधरांसाठी वेगळी वाट होती, पहिल्या फटक्यात पास आणि पंचावन्न टक्के गुण असले की थेट परीक्षेला बसता यायचं. तू त्याच वाटेवर डोळा ठेवून पाच वर्षं अभ्यास केलास. राजस्थानने तर २०१९ साली किमान वय तेवीसवरून एकवीस केलं आणि एकविसाव्या वर्षी तिथे न्यायाधीश झाल्याची बातमी तूच मला पाठवली होतीस. तेव्हा तुझा राग समजतो. तू विचारलंस, "बाविसाव्या वर्षी कलेक्टर होता येतं, मग मॅजिस्ट्रेट का नाही?" प्रश्न चोख आहे. उत्तर मात्र पुस्तकात सापडणार नाही, रिमांडला उभं राहिल्यावर सापडेल.

शनिवारची दुपार धर. कोर्ट अर्धं रिकामं, पट्टेवाल्याचं लक्ष घड्याळाकडे, आणि पोलीस चार पोरांना घेऊन येतात. तोंडाला रुमाल, पायात चपला नाहीत. रिमांड रिपोर्टवर ठरलेली वाक्यं: मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, आणखी साथीदार निष्पन्न करायचे आहेत, गुन्ह्याचा सखोल तपास बाकी आहे, सबब पीसीआर मिळावी. खाली पाच दिवस मागितलेले. हाच मजकूर गेल्या शनिवारी दुसऱ्या गुन्ह्यात होता, फक्त नावं बदलली आहेत. मुद्देमाल तर कालच जप्त झाला, पंचनामा त्याच कागदांत तिसऱ्या पानावर आहे. जो न्यायाधीश आधी कधी वकिलांच्या या बाजूला उभा राहिला आहे त्याचा हात आपोआप तिसऱ्या पानाकडे जातो. तो विचारतो, "मोबाइल मिळाला ना? मग कोठडी कशासाठी?" पीसीआरची एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, होते आणि पोरं पाच दिवसांच्या पोलीस कोठडीतून वाचतात. आमच्याकडे एक अतिशय हुशार साहेब आले होते, थेट परीक्षेतून. कायदा तोंडपाठ, निकालपत्रं देखणी. पण पहिलं वर्षभर ते रिमांड रिपोर्ट खरा धरून वाचायचे. सरकारी कागद खोटं बोलत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

म्हणून नियम मला पटतो. पूर्ण पटतो असं नाही. चाळीस वर्षांचे साहेबही न वाचता सही करताना मी पाहिलेत, त्यामुळे अनुभव आला की नजर येते हे काही गणित नव्हे. आणि निकालातली मेख तुझ्या आईच्या बरोबर लक्षात आली आहे. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने लिहून द्यायचं की हा किंवा ही तीन वर्षं कामावर होती, आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांनी शेरा मारायचा. झालं. प्रत्येक बाररूममध्ये असे दहा वर्षांचे वकील ढिगाने आहेत आणि प्रत्येकाला भाचे-पुतणे आहेत. जो नियम अनुभवासाठी केला तो दोन वर्षांत सह्यांचा बाजार होईल, आणि त्या बाजारात पहिली पडेल ती ज्या मुलीची मावशी वकील नाही ती. तुला सही दिली तर मी तिच्या विरुद्ध उभी राहिले असा अर्थ होतो. तेवढं माझ्याच्याने होणार नाही.

आता तुझी बाजूही मांडते, कारण ती मांडायला तुला कोणी सांगणार नाही.

न्यायालय म्हणालं, अनुभव घेऊन या. बरं. अनुभव देणार कोण आणि तोवर पोराने खायचं काय? मी सनद घेतली तेव्हा आमच्या सिनिअरांनी पहिली दोन वर्षं मला दिवाळीला पाकीट दिलं आणि बाकी वेळी चहा. ते वाईट नव्हते, त्यांच्या सिनिअरने त्यांना चहासुद्धा दिला नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईत वकिलीला उभे राहिले, पण निव्वळ वकिलीवर संसार चालत नव्हता म्हणून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायची नोकरी धरली. त्या गोष्टीला शंभर वर्षं होत आली. आमच्या बाररूममधला एक मुलगा आज सकाळी दुधाच्या गाडीवर जातो आणि साडेदहाला कोट घालून हजर होतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने गेल्या वर्षी परिपत्रक काढलं, शहरात ज्युनिअरला महिना किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. 'द्यावेत' म्हणजे सल्ला. आमच्या बाररूममध्ये ते परिपत्रक एकाने मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे हसले आणि पुकारा झाला म्हणून उठून गेले.

एक गोष्ट मात्र खरोखर झाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सनदेसाठी कायद्यात लिहिलेत तेवढेच पैसे घ्यायचे, साडेसातशे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून सव्वाशे. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये उकळत होते. ओडिशात तर बेचाळीस हजारांवर आकडा होता. दारावरचा टोल गेला. दाराच्या आतलं भाडं अजून तसंच आहे.

मुलींचं आणखी वेगळं. तीन वर्षं मुलाच्या आयुष्यात तीन वर्षंच असतात. तेविसाव्या वर्षी बिनपगारी बसलेल्या मुलीच्या घरी मात्र पाहुणे यायला लागतात. देशातल्या नोंदणीकृत वकिलांत बायका पंधरा टक्क्यांच्या आसपास आहेत, असं सरन्यायाधीश रमणा जाहीरपणे म्हणाले होते. त्या पंधरांतल्याही किती तालुक्याच्या कोर्टात टिकतात ते मी रोज बघते. ज्युनिअर मुलीकडे पोटगी आणि घटस्फोट, मुलाकडे खून आणि दरोडा, ही वाटणी न बोलता होते. सगळ्यांत हलकी वाटणारी, पण मुलींना घरी धाडणारी गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. आमच्या जुन्या इमारतीत बायकांसाठी एकच होतं, त्याची किल्ली नाझर ऑफिसात, आणि नाझर साक्षीला बसले असले की किल्ली त्यांच्या खिशात. या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला देशातल्या सगळ्या कोर्टांत स्त्री, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधा, असा हुकूम काढावा लागला. तोही एका वकिलानेच याचिका केली म्हणून. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या आणि बायकांना वकिली करायची परवानगी देणारा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. त्या मानाने किल्लीसाठी आम्ही फार थांबलो नाही, असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

तर न्यायव्यवस्थेत तरुणांचा सहभाग वगैरे विषयावर तुमच्या कॉलेजात भाषणं होतात, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आरोपीचा पिंजरा येतो. तिथे तरुण भरपूर आहेत, आमंत्रण न देता. २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत चार माणसांमागे तीन कच्चे कैदी होते, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे तिशीच्या आतले. त्यांचा सहभाग म्हणजे नाव पुकारल्यावर "हजर" म्हणणं.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. एकोणीस वर्षांचा, बीडकडचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आमच्या भागात आलेला. मोटरसायकल चोरीत सापडला. जामीन झाला: पंधरा हजारांचा मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. टोळी तोवर पुढच्या कारखान्यावर गेली होती. गावात बापाच्या नावावर सातबारा नाही, आणि ज्याच्या नावावर आहे तो परजिल्ह्यातल्या कोर्टात येऊन या पोरासाठी सॉल्व्हन्सी का दाखवील? पोरगं आतच. कागदावर सुटलेलं, बराकीत बसलेलं. विधी सेवा प्राधिकरणातर्फे कॉलेजच्या मुलींचा एक गट तुरुंगभेटीला गेला होता. बाकीच्या मुली छापील फॉर्म भरून घेत होत्या. त्यांतली एक धारूरची, याच्याच बोलीत बोलणारी. तिने फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, "जामीन कवा झाला रं तुझा?" तो म्हणाला, "दोन म्हैने झालं की." तिला माहीत होतं की जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्टाने अटी सैल करायचा विचार करायचा. कोणी कळवलं नव्हतं. तिने तारखा वहीत उतरवल्या आणि सचिवसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या. अर्ज झाला, जामीनदाराची अट गेली, पोरगं वैयक्तिक मुचलक्यावर सुटलं. त्या मुलीने युक्तिवाद केला नाही, तिच्याकडे तर सनदही नव्हती. एवढंच की योग्य बोलीत योग्य प्रश्न विचारणारं कुणीतरी त्या बराकीपर्यंत पोचलं.

मोठ्या गोष्टीही होतात, त्या तुला माहीत आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत मेट्रोसाठी आरेची झाडं रात्रीत तोडायला घेतली तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सुटीच्या दिवसांत खास खंडपीठ बसलं. तोड थांबली, पण बहुतेक झाडं तोवर पडली होती. पत्राची ताकद आणि पत्राचा उशीर, दोन्ही त्यात आहे. त्याहून मला जवळचं वाटतं ते १९७९ चं पत्र. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता, आणि 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा तो तर्क. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. रस्त्यावर बायका उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पण त्या सगळ्या धामधुमीत ती मुलगी स्वतः काय म्हणत होती, हे किती जणांनी तिला विचारलं? मला तो प्रश्न सुटत नाही. तिच्यामुळे कायदा घडला. तिला मात्र त्यात काही मिळालं नाही.

आणि म्हणून बाल न्याय मंडळाचं थोडं सांगते, तुमच्या अभ्यासक्रमात ते शेवटच्या आठवड्यात उरकतात. २०१५ च्या कायद्यात लिहिलं आहे की मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा त्याला हक्क आहे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक बाई असायलाच हवी. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, आरोपी म्हणायचं नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं. नियम खरोखर सुंदर आहेत. आता खोलीत काय होतं ते बघ. टेबलाच्या एका बाजूला मंडळ, दुसऱ्या बाजूला पोरगा, त्याचा बाप आणि आम्ही वकील. बाप बोलतो, "साहेब, संगतीनं बिघडला." आम्ही बोलतो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बोलतो. पोरगा नखं कुरतडत फरशीकडे बघतो. एकदा मंडळातल्या बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि पोराला सरळ विचारलं, तुला काय सांगायचंय? बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "मला दहावीचा फॉर्म भरायचाय, उद्या लास्ट डेट आहे." कोणालाच ठाऊक नव्हतं. बापालासुद्धा.

पुण्यात मे २०२४ मध्ये एका भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला आणि मंडळाच्या एका सदस्याने ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हा आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर सगळे न्यायाधीश झाले होते. तूही. मी तेव्हा गप्प बसले, आता लिहिते. बालकाला जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद, हे कायद्यातच आहे, आणि ते बरोबर आहे. लोकांच्या मनात सलला तो वेग. रविवारी, काही तासांत. आमच्या दहावीच्या पोराला रविवारी मंडळ कुठे भेटतं? राग त्यावर ठेव, कायद्यावर नको. उद्या तू त्या खुर्चीवर बसलीस तर दोघांना सारखा वेग देणं तुझ्या हातात असेल, आणि त्यासाठी दोन्ही पोरं आधी जवळून बघितलेली असावी लागतात.

आता व्यवहाराचं. तू माझ्या ऑफिसला यायचं नाहीस. माझ्याकडे तू भाची म्हणून राहशील आणि दुपारी झोपशील. जिल्हा कोर्टात माझी जुनी मैत्रीण आहे, फौजदारी बघते, स्वभावाने तिखट. तिच्याशी बोलले आहे. महिना बारा हजारांवर ती अडली आहे, पंधरापर्यंत मी आणते, परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. पहिले सहा महिने तू रोजनामे वाचशील, नकलांचे अर्ज देशील, मुदतीचे अर्ज लिहिशील आणि तमाम सिनिअर मंडळींचं ई-फायलिंग करून देशील. शेवटचं मनावर घेऊ नकोस. ज्या गृहस्थांना खुनाच्या खटल्यात साक्षीदार फोडता येतो त्यांना पीडीएफ जोडता येत नाही, आणि याच एका कारणाने सध्या बाररूममध्ये ज्युनिअरला खुर्ची मिळते. त्यानंतर लोकअभिरक्षक कार्यालयात सहायकाच्या जागा निघतात का ते बघू. तिथे तीन वर्षांच्या आतले वकील घेतात, ठरलेलं मानधन असतं, आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस पहिल्या दिवसापासून हातात येतात. खासगी वकिली बंद ठेवावी लागते, पण तुझी कुठे चालू आहे?

इथे तुझ्या जमेची एक बाजू आहे, ती तू कमीपणाची समजतेस. तू मराठी शाळेतली. आपल्या तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. उलटतपासात "बांधावरून" आणि "बांधापासून" यांतला फरक पकडता आला तर अर्धा दावा हातात येतो. इंग्रजीचं भय वाटायचं ते मुंबईसाठी राखून ठेव, आणि आता मुंबईला जाणंही कमी झालंय. ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं. सांगलीची माणसं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात. चाळीसहून जास्त वर्षं सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी मोर्चे काढले, कामबंद केली, आणि त्यांतले कितीतरी वाट बघत निवृत्त झाले. तुला ते आयतं मिळतंय, निदान वापर तरी.

परीक्षा सोडून दे असं मी मुळीच म्हणत नाही. पहाटे अभ्यास कर, रविवारी कर. तीन वर्षं झाली की प्रमाणपत्र मैत्रीण देईल, कारण तेव्हा ते खरं असेल. आणि तोवर जज्ज व्हायचंच नाही असं तुला वाटायला लागलं, तर तेही चालेल. आमच्या बाजूला माणसं कमी आहेत.

आईला तू सांग. मी फोन केला तर परत कढीपत्त्यापासून सुरुवात होईल. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी ये. गळ्याचे बँड सांगलीत मिळतात, पुण्याहून आणू नकोस. कोट मात्र तिथूनच शिवून आण, इथला टेलर बायकांचा कोटही पुरुषांच्या मापाने कापतो आणि वर खिसे द्यायचे विसरतो.

तुझी,
मावशी